काखेतला तांब्या

प्रिय भामा,

तुला, आणि कापसात गुंडाळून ठेवलेल्या तुझ्या राजाला, आबाचे पोटभर आशीर्वाद.

तू मला कितीला पडलीस ते आज पहिल्यांदा सांगतो. घोडीचे चारही नाल झिजले. ऐन बाजाराच्या दिवसांत टांग्याच्या गादीवर माणूस बसेनासा झाला, कारण इठ्या टांगेवाल्याच्या काखेत गाठ आलीय अशी बीडभर बोंब उठली होती. माझ्या डाव्या काखेची कातडी सोलून निघाली. सुताराच्या वच्छलाबाईनं सासूची बोलणी खाल्ली. आणि एका धट्ट्याकट्ट्या पोराला, तू त्याला चांगलं ओळखतेस, आईच्या एकाच अंगावर भागवावं लागलं. दुसरं अंग तुझ्या नावचं होतं. बस्स, एवढाच खर्च. पोर वाढवायची म्हटल्यावर हे काहीच नाही. तुझी आई मी यात धरलेली नाही. ती कुठल्या हिशेबात बसत नाही.

अक्षर वाकडं आलंय तिकडं लक्ष देऊ नको. गुडघ्यावर कागद ठेवून लिहितोय. कुठं बसून, ते शेवटी सांगीन. बाराखडी मी तुझ्याच पाटीवर शिकलो. तू शाळेतून येऊन झोपलीस की तुझी अक्षरं मी गिरवायचो, तेव्हा वाकड्या अक्षराची सवय तुला आहेच. आणि पत्र लिहितोय याचं एक कारण असं की या गोष्टी मला तुझ्यासमोर बसून बोलता आल्या नसत्या. बापानं लेकीशी अंगावरच्या दुधाबद्दल बोलायची आपल्याकडं रीत नाही. समोर असतो तर मी मोटारीचं बोललो असतो, तू मान खाली घातली असतीस, आणि पोर तिकडं कण्हत राहिलं असतं.

परवा मी दवाखान्याच्या व्हरांड्यात खांबाला टेकून डोळे मिटून बसलो होतो. विहीणबाईंना वाटलं आबा पेंगले. माझे डोळे मिटले की कान उघडतात हे बीडमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, तुझ्या सासरी, शिरूर कासारला, अजून पोचलेलं दिसत नाही. आत डॉक्टरसाहेब सांगत होते, आईला ताप आहे, दूध उतरलेलं नाही, उतरेल तेव्हा उतरेल. गाईचं पाणी घातलेलं दूध पोराच्या पोटात ठरत नाही. दुसऱ्या कुणा आईचं दूध मिळालं तर थेंबाथेंबानं पाजू, नाहीतर मी काही सांगू शकत नाही. ते गेले आणि विहीणबाई म्हणाल्या, ‘परक्या बाईचं दूध पाजून आमच्या वंसाचं रगत बिघडवायचं न्हाई. देवाच्या मनात असंल तर जगंल.’ त्यावर तू म्हणालीस, ‘तुमी म्हनाल तसं.’ गल्लीतल्या दोघीजणी मी तयार करून आणल्या होत्या, त्या दारातूनच विहीणबाईंचा चेहरा बघून पदर सावरत परत गेल्या. त्यांची पावलं लांब जाताना मी ऐकली.

आणखी एक गोष्ट ऐकली, ती तुला कुणी सांगणार नाही. तुझं पोर रडत नाही, कण्हतं. श्वास आत घेताना बारीक चर्र असा आवाज होतो, ओल्या वाळूवरून चाक फिरावं तसा. तूही अशीच कण्हायचीस. तो आवाज कानात पडला आणि माझ्या पायातली सगळी झोप गेली. उठलो, मकसूदला म्हटलं, मोटार काढ.

माझ्या कानांची बढाई तू लहानपणापासून ऐकत आलीयस, तरी थोडी आणखी ऐक, कारण पुढची गोष्ट त्यांच्यावरच चालते. टांग्याच्या कोणत्या चाकाचं वंगण संपलंय हे मी गिऱ्हाईकाशी गप्पा मारता मारता सांगायचो. त्याच कानांवर मी टांग्याची मोटार केली आणि इठ्याचा विठ्ठलराव झालो. मोटार मोडायच्या आधी कुरकुरते, बाकीच्यांना ऐकू येत नाही, मला येतं. आजवर विठ्ठलरावची गाडी रस्त्यात उभी राहिलेली कुणी पाहिली असेल तर त्यानं पुढं यावं. आपल्या शहादेवला मी दर दसऱ्याला सांगतो, घोडी विकून टाक आणि माझ्याकडं ये, तुझा टांगा आता वरातीपुरता उरला. तो हसतो आणि घोडीच्या मानेवरून हात फिरवतो. मागं राहणाऱ्या माणसाला काय सांगणार.

तर, मानमोडीच्या साथीच्या साली तू झालीस. घरटी एक माणूस तापानं पडलेलं, त्यातून गाठीच्या रोगाची, प्लेगची, भीती वेगळीच. जानकीला, तुझ्या आईला, सातव्या महिन्यात तापातच कळा सुरू झाल्या. टांग्यात घालून दवाखान्यात नेलं तर शेजारणींनी डोळ्यांना पदर लावले. दवाखान्यात गेलेलं माणूस परत येत नाही अशीच तेव्हा समजूत. तू झालीस ती नर्सबाईंच्या एका तळहातावर मावलीस. जानकी विचारत होती, ‘रडली का?’ मी म्हटलं, ‘रडली की, लई मोठ्यानं.’ तू रडली नव्हतीस. पण जानकीला माझ्या कानांवर फार भरवसा. तिनं मान हलवली, ‘मंग बरं हाय’ म्हणाली, आणि दिवे लागायच्या आत गेली.

त्या नर्सबाई मद्रासकडच्या, काळ्यासावळ्या, रागीट आणि सोन्यासारख्या. त्यांनी तुला पिंजलेल्या कापसात गुंडाळून दुरडीत ठेवलं, दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या आणि कमरेवर हात ठेवून मला म्हणाल्या, ‘कपास मैं दिया, गरमी मैं दिया. दूध मैं किधर से लाना?’

आता सांग, बायको गेलेल्या टांगेवाल्यानं कुणाच्या दारात जाऊन काय मागायचं? तुमच्या घरात तान्हं आहे का असं विचारत फिरलो असतो तर दुसऱ्या गल्लीत पोचायच्या आत मार खाल्ला असता. मग मी घोडीच्या गळ्यातले घुंगरू काढून ठेवले, लगाम सैल सोडला, आणि गल्ल्या ऐकत फिरायला लागलो. तान्ही पोरं सगळी एकसारखी रडतात असं लोकांना वाटतं. मुळीच नाही. एक पोर रडतं, थांबतं, पुन्हा तेच रडगाणं लावतं. तिथं त्यालाच पुरत नाही, तिथून पुढं जायचं. दुसरं पोर रडायला तोंड उघडतं आणि मधेच गप्प होतं, घटघट घटघट ऐकू येतं, आणि मग त्याला ठसका लागतो. ठसका ऐकला की टांगा थांबवायचा. पोराला पेलत नाही इतकं त्या घरात आहे.

राजुरी वेशीच्या आत नबी सीताफळवाल्याच्या घरातून असा ठसका ऐकू आला. काय सांगू तुला, असा दणकेबाज ठसका मी पुन्हा ऐकला नाही. दाराला गोणपाटाचा पडदा, आत बाईमाणूस, नबी बाजारात. मी पडद्याकडं पाठ केली आणि घोडीशी बोलायला लागलो. मोठ्यानं. म्हटलं, ‘बाई गं, आपली मालकीन गेली. एवढीशी पोर दवाखान्यात कापसात पडलीय. गाईचं दूध तिच्या पोटात ठरत न्हाई. तू घोडी, तुझं बी तिला चालत न्हाई. आता आपन कुठं जावं?’ घोडीनं कान हलवले. पडद्याआडून आवाज आला, ‘ओ घोडीवाले! रोना बाद में. बर्तन लाया क्या?’

ती आमिनाबी. हो, आपली आमिनाबी चाची, जी तुला दर ईदेला बांगड्या पाठवते आणि तू विचारतेस की एवढ्या बांगड्या मलाच कायकू. आणि ज्याला ठसका लागला होता तो मकसूद. वच्छलाबाई दुसऱ्या दिवशी सापडली, तीही तशीच, ठसक्यावरून.

काशीहून गंगा आणतात तसला फिरकीच्या झाकणाचा छोटा पितळी तांब्या मी मिळवला, त्याला आतून कल्हई लावून घेतली. नर्सबाई तो रिकामा तांब्या उकळून द्यायच्या. मी तो उंबऱ्यावर ठेवायचा, घोडीच्या पलीकडं जाऊन उभं राहायचं, आणि झाकण फिरवल्याचा आवाज आल्याशिवाय मागं वळायचं नाही. दोघींपैकी एकीचाही चेहरा मी त्या दिवसांत पाहिला नाही. तांब्या घेऊन दवाखाना गाठायचा. रोगाच्या भीतीनं कुठलीच बाई स्वतः दवाखान्यात यायला धजत नव्हती, म्हणून दुधाला प्रवास. पोचेपर्यंत ते गार व्हायचं. नर्सबाई ते शेगडीवर क्षणभर धरून कोमट करायच्या, त्यात कापसाची वात बुडवायच्या आणि तुझ्या ओठांवर पिळायच्या. तू गिळलंस की गळ्यात टुक असं वाजायचं. दुरडीशेजारी बसून मी ते टुक मोजायचो नाही, नुसतं ऐकायचो.

आणि एकाएकी दूध बंद झालं. वच्छलाबाईचा तांब्या रिकामा आला. आमिनाबीचाही. का, ते कुणी सांगेना. आमिनाबीच्या पडद्याआडून फक्त ‘आज नहीं है’ एवढंच, आणि तिकडं मकसूद ठसक्यावर ठसके देतोय! म्हणजे आहे, पण देत नाहीत. त्या दिवशी तू पुन्हा कण्हायला लागलीस. नर्सबाईंनी दुरडीवर कापड ओढलं, आणि ते त्यांनी ज्या तऱ्हेनं ओढलं ते मला आवडलं नाही.

मी बिंदुसरा नदीवर गेलो. बायका धुणं धूत होत्या, मी खालच्या अंगाला घोडीचे पाय धुवायच्या निमित्तानं उभा राहिलो. धुणं आपटण्याच्या आवाजात बायकांना वाटतं आपलं बोलणं कुणाला ऐकू जात नाही. वच्छलाबाई तिच्या जावेला सांगत होती, ‘लेकरू जगावं न्हाई असं का मला वाटतं? पर दवाखान्यात ते दूध इस्तवावर ठिवत्यात म्हनं. सासूबाईनं आयकलं आनि घर डोक्यावर घेतलं. आईचं दूध इस्तवाला लागलं की थान सुकतं. माझ्याच लेकराच्या तोंडचं मी कावून जाळू?’ जाऊ म्हणाली, ‘त्या फळवालीच्या सासूनं बी तेच म्हनून बंद केलंय.’

घे! मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणी आलं. शहाण्या माणसानं त्यांना वेड्यात काढलं असतं. मी काढलं नाही, कारण आमच्या घरी म्हशीचं दूध उतू जाऊन चुलीत पडलं की माझी आईही तीन तीनदा म्हशीच्या पाया पडायची. बाईला भीती कशाची, हे मला कळलं होतं. आता तिची समजूत घालत बसायचं, की विस्तवच बाजूला करायचा? समजूत घालायला वेळ लागतो, विस्तव उचलून ठेवायला लागत नाही.

नर्सबाईंना जाऊन विचारलं, शेगडी कशाला? म्हणाल्या, ठंडा दूध इसके पेट को मारेगा. म्हटलं, आणि ते गरमच आलं तर? हाताच्या पालथ्या बाजूनं तांब्या चाचपत म्हणाल्या, ‘फिर शेगडी का क्या काम? लेकिन आएगा कैसे?’ कसं येणार ते मी बंडी वर करून दाखवलं. माणसाच्या अंगात सगळ्यात ऊबदार जागा काख. तांब्यावर कापूस गुंडाळायचा, वर फडकं, तो डाव्या काखेत दाबायचा, वरून बंडी, आणि उजव्या हातानं लगाम. नर्सबाई पहिल्यांदा हसल्या. त्यांचे दात फार चांगले होते.

पण गाठीच्या रोगाच्या दिवसांत काखेत फुगवटा घेऊन हिंडणं म्हणजे काय, हे माझ्या ध्यानात आलं नाही. हात अंगापासून लांब धरलेला, चेहरा घामानं निथळलेला, काखेत हा एवढा उंचवटा! गिऱ्हाईक टांग्यात पाय ठेवायचं, माझ्याकडं बघायचं आणि पाय काढून घ्यायचं. वाण्यानं माझ्या तोंडावर फळी लावली. पोरं लांबून ओरडायची, ‘इठ्याला गाठ आली, इठ्याला गाठ आली.’ शेवटी वेशीवर जमादारानं टांगा अडवला. लांब काठीनं माझ्या बंडीला टोचत म्हणाला, ‘काख में क्या है बे?’ मी म्हटलं, तांब्या. ‘तांबे में क्या है?’ दूध. ‘किसका दूध?’ आता आली पंचाईत. घरंदाज बायकांची नावं जमादारापुढं वेशीत उभं राहून घ्यायची? आणि गाई-म्हशीचं म्हणावं तर ते काखेत कशाला, असं तो विचारणार. मी म्हटलं, ‘मेरी बेटी का.’ त्यानं तांब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. काय समजला देव जाणे. काठी बाजूला घेतली आणि त्या दिवसापासून माझा टांगा दिसला की वेशीतली गर्दी तोच हटवायचा.

विस्तव हटला, पण ते बायकांना पटायला हवं ना. वच्छलाबाईची सासू तयार होईना, आमिनाबीची तर त्याहून नाही. मी पडद्याबाहेरून घोडीला म्हटलं, ‘बाई, ज्याचा विश्वास नसेल त्यानं टांग्यात बसून यावं आणि सोताच्या डोळ्यानं बघावं.’ नुसतं बोलायचं म्हणून बोललो होतो. पडदा बाजूला झाला आणि आमिनाबीची सासू बुरखा सावरत टांग्यात चढून बसली. सगळं बीड ज्या दवाखान्याला लांबून नमस्कार करत होतं, तिथं ती म्हातारी भर दुपारी माझ्या दुधामागं पहारा करत आली. तिथं शेगडीकडं तोंड करून जी बसली ती पापणी हलवेना. नर्सबाईंनी स्वतःच्या चहासाठी शेगडी फुंकली तर म्हातारी ओरडली, ‘ए! दूर!’ दोघी एकमेकींना काय काय बोलल्या ते मला नीट समजलं नाही, पण दोघींना एकमेकी आवडल्या असाव्यात.

मग तिनं दुरडीवरचं कापड उचललं. ‘इत्ती सी?’ म्हणाली. बोटानं तुझे ओठ चाचपले. मग म्हणाली, ‘मुंह तो बड़ा है. पिएगी.’ आणि नर्सबाईंच्या हातातली वात काढून घेऊन स्वतः पाजायला लागली. म्हाताऱ्या हाताला कंप होता, वात ओठांपर्यंत यायला उशीर लागला, आणि भामा, तू रडलीस. पहिल्यांदा. रागानं, मोठ्यानं, बाहेर मी घोडीला दाणा घालत होतो तिथपर्यंत ऐकू आलं. जानकीला मी दिलेला शब्द खरा झाला. थोडा उशिरा झाला, पण झाला.

त्यानंतर दूध कधी थांबलं नाही. म्हातारीनं मोहल्ल्यात आणि वच्छलाबाईच्या घरी जाऊन सांगितलं की दवाखान्यात विस्तव दुधाजवळ जात नाही, मी बघून आले. तिचं बोलणं म्हणजे सरकारी हुकूम. तू दुरडीतून बाहेर आलीस, घरी आलीस, तेव्हा आमिनाबीनं तुला एकदा मागून नेलं आणि परत देताना पडद्याआडून बजावलं, ‘सुनो, अब ये मकसूद की बहन है. तुमको पूछ के नहीं हुई, हमारे में दूध पिया तो हो जाती.’ मी म्हटलं, झाली तर झाली, मला एक मुलगा फुकट मिळाला. म्हणून मकसूद मोठा झाल्यावर माझ्या मोटारीवर आला. आणि म्हणून तुझ्या लग्नात मांडवाच्या मेढी त्यानं रोवल्या आणि तू सासरी निघालीस तेव्हा गाडीखाली शिरून, काही बिघडलेलं नसताना, बराच वेळ खाटखूट करत बसला. मला ऐकू येत होतं, पाना कुठंच लागत नव्हता.

आता विहीणबाईंचं. त्या वाईट नाहीत. भिताहेत. वच्छलाबाईची सासू भ्यायली होती तशाच, फक्त यांच्या भीतीला घराण्याचं नाव आहे. त्यांच्याशी वाद घालू नको, वादात त्या तुला हार जाणार नाहीत. त्यांना काम दे. त्यांना सांग, ‘आत्याबाई, दूध आलंय, पण या दवाखान्यातल्या बायांचा काय भरवसा, विस्तवाशी नेतील; तुम्ही जरा डोळ्यांत तेल घालून बसता का?’ शेगडीपाशी त्यांना एकदा बसव. त्या नर्सलाच काय, डॉक्टरसाहेबांना हलू देणार नाहीत. आणि रक्ताचं म्हणशील, तर मागच्या दिवाळीला त्याच मला अभिमानानं सांगत होत्या की आमच्या सूनबाईचं हाड काय भक्कम, भरलेली घागर एका हातानं उचलते. ते हाड कुणाकुणाच्या दुधाचं आहे ते त्यांना सांगायचं की नाही, हे तुझं तू बघ. मी सांगणार नाही, कारण मला कुणी विचारलेलं नाही. पण तू ‘तुमी म्हनाल तसं’ म्हणू नको. पोर तुझं आहे. तुझ्यासाठी त्या वेळी बोलायला आई नव्हती, एक टांगेवाला होता आणि तो घोडीशी बोलत होता. तुझ्या पोराला आई आहे.

आणि आता हे पत्र कशासाठी. ज्या बाईनं ते तुझ्या हातात दिलं, ती दारात अजून उभी असेल तर आधी तिला बसायला दे. ती बीबीजान, मकसूदची बायको. तुझ्या लग्नानंतर सून झाली, म्हणून तू तिला पाहिलेली नाहीस. बाळंतपणाला ती माहेरी उमापूरला होती, तिच्या कडेवर आहे तो मकसूदचा मुलगा, आणि बापासारखाच ठसका लागतो त्याला, मी खिडकीखाली उभा राहून ऐकून खात्री करून घेतली. तिच्यासमोर मी सगळी कहाणी अगदी पहिल्यापासून सांगायला घेतली, तर ती गाठोडं बांधून तयार, म्हणाली, ‘चाचा, बातां बाद में. गाडी चालू करो.’ पोराला भूक आहे तोवर आणि तुझं स्वतःचं उतरेतोवर ती दवाखान्यातच राहील. दूध ताजं, तिथल्या तिथं, ऊन ऊनच मिळेल. विस्तवाजवळ नेऊ देऊ नको, तिनं तेवढी एकच गोष्ट मागितली आहे. विहीणबाईंनी परक्या बाईचं नको म्हटलं तर सांग, ही परकी नाही, माझी भावजय आहे, पोराची मामी. मामीचं चालतं. मी स्वतः तिला मोटारीतून थेट तुझ्या दारात उतरवणार होतो, पण ती आणि मकसूद, वरात सोडून याच वाटेनं बीडला परतणाऱ्या शहादेवच्या टांग्यातून येत आहेत. त्याची घोडी आता दाणा संपवत आली, म्हणून आवरतो. मी पाडळसिंगीच्या अलीकडं, लिंबाखाली, मोटारीच्या पायरीवर बसलो आहे. गाडीचा आवाज शेवटपर्यंत इतका स्वच्छ होता की गेवराईत मकसूद ‘टाकी बघू का’ म्हणाला तर मी त्याला म्हटलं, नुसतं ऐक. मकसूद येताना डबा घेऊन येईल. पेट्रोल संपलं आहे.

तुझाच,
आबा